मध्यम लहरी आणि जुनी गाणी : अमेरिकेतील छोट्या गावांची एएम नभोवाणी केंद्रे

प्रस्तावना

अमेरिकेतील व्यावसायिक नभोवाणीचा आरंभ सामान्यतः पिट्सबर्ग येथील ‘केडीकेए’ केंद्राच्या २ नोव्हेंबर १९२० रोजीच्या प्रसारणापासून मानला जातो. पुढील अर्धशतक एएम प्रसारणाचेच होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मात्र एफएमने श्रोतृसंख्येत एएमला मागे टाकले. न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूएबीसी’सारख्या बलाढ्य केंद्राने मे १९८२ मध्ये संगीत सोडून चर्चात्मक कार्यक्रमांचा मार्ग धरला. असे असूनही अनेक छोट्या गावांतील एएम केंद्रांनी जुन्या गाण्यांचा आधार सोडला नाही. यामागे केवळ स्मरणरंजन आहे, असे मानणे अपुरे ठरेल.

तांत्रिक मर्यादा आणि संगीत

बहुतेक एएम संचांवर सुमारे ५ किलोहर्ट्झच्या वरचे ध्वनी जवळजवळ ऐकूच येत नाहीत. आधुनिक ध्वनिमुद्रणाची यात मोठी हानी होते. १९५५ ते १९७० या काळातील गीतांची मात्र फारशी होत नाही, कारण ती याच माध्यमासाठी घडविली गेली होती. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत नवे ध्वनिमुद्रण मोटारीतील रेडिओसारख्या लहान ध्वनिक्षेपकावर ऐकून तपासले जात असे. जुनी गाणी एएमवर ‘बरोबर’ वाटतात, हा श्रोत्यांचा अनुभव निव्वळ भावनिक नाही.

रात्रीची अडचण याहून गंभीर आहे. दिवसा मध्यम लहरी जमिनीलगत प्रवास करतात. सूर्यास्तानंतर आयनांबरातील त्यांना शोषणारा खालचा थर विरतो आणि त्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात. म्हणून अनेक केंद्रांना रात्री शक्ती घटवावी लागते, तर काहींना प्रसारणच थांबवावे लागते. १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० व १४९० किलोहर्ट्झ या सहा ‘स्थानिक’ वाहिन्यांवर कमाल मर्यादा १ किलोवॅट आहे. प्रत्येक वाहिनीवर देशभर शंभराहून अधिक केंद्रे असल्याने रात्री गावाची वेस ओलांडताच खरखर सुरू होते.

अर्थकारण

सांगली, रत्नागिरी, जळगाव किंवा परभणी येथील आकाशवाणी केंद्रे मध्यम लहरींवरूनच श्रोत्यांच्या परिचयाची झाली. पण त्यांच्यामागे शासन होते. अमेरिकेतील छोटे केंद्र गावच्या वाणसामान विक्रेत्याच्या आणि मोटार दुरुस्ती करणाऱ्याच्या जाहिरातींवर जगते. मोठे जाहिरातदार प्रामुख्याने २५ ते ५४ वयोगटाचा शोध घेतात आणि जुन्या गाण्यांचा श्रोता तर ते वय ओलांडत गेला आहे. त्यामुळे गाण्यांच्या मधल्या जागेला महत्त्व येते. निधनवार्ता, शालेय फुटबॉल सामन्यांचे धावते वर्णन, श्रोत्यांनी दूरध्वनीवरून जुने ट्रॅक्टर किंवा पाळणा विकायला काढण्याचा कार्यक्रम, वादळाची सूचना : हे उपग्रहावरून येणाऱ्या तयार संगीतसेवेत मिळत नाही. १९८० च्या दशकात अशी सेवा घेऊन निवेदक कमी करणाऱ्या केंद्रांनी खर्च वाचविला. मात्र त्याबरोबर स्थानिकत्वही गमावले, असे म्हणावे लागेल.

कायद्याची एक विसंगतीही येथे उपकारक ठरली आहे. अमेरिकेत हवेतून होणाऱ्या प्रसारणासाठी गीतकार-संगीतकारांना मानधन द्यावे लागते, गायक-वादकांना नाही. तेच गाणे इंटरनेटवरून प्रसारित केल्यास ध्वनिमुद्रणाचेही शुल्क पडते.

मनोऱ्याचा प्रश्न

१४०० किलोहर्ट्झवर तरंगलांबी सुमारे २१४ मीटर असते. पाव तरंगाचा मनोरा साधारण ५३ मीटरचा होतो. त्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारांचे, बहुधा १२० तारांचे, जाळे पुरावे लागते. गाव वाढले की ही जमीन केंद्रापेक्षा महाग होते. देशातील एएम केंद्रांची संख्या १९९० च्या सुमारास जवळपास ५,००० होती, ती २०२४ अखेर सुमारे ४,४०० वर आली.

संघीय दळणवळण आयोगाने २००९ मध्ये एएम केंद्रांना अल्पशक्तीच्या एफएम पुनर्प्रक्षेपकावरून आपले कार्यक्रम ऐकविण्याची मुभा दिली व २०१५ च्या निर्णयाने ती अधिक सुलभ केली. या पुनर्प्रक्षेपकाची कमाल शक्ती २५० वॅट असते. मूळ एएम प्रसारण कायमचे बंद झाल्यास मात्र ही मुभा टिकत नाही. परिणामी श्रोते एफएमवर गेलेले असतानाही कित्येक मालक जुना मनोरा, त्याचे वीजबिल आणि तांब्याच्या तारा सांभाळत आहेत.