रसिकांचा कौल



गेल्या उन्हाळ्यांत माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती सांगूनच आजच्या विषयाला आरंभ करतों. माझी नात एके संध्याकाळीं माझा मोबाइल घेऊन आली आणि म्हणाली, "आबा, आमच्या सिनेमाला तुमचंहि एक मत द्या ना!" कोणत्याशा पुरस्कारासाठीं प्रेक्षकांचीं मतें मागविलीं होतीं. तिनें दाखविलें तेथें मीं बोट टेकविलें आणि मत नोंदलें गेलें. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर लक्षांत आलें कीं, तो चित्रपट आपण पाहिलेलाच नाहीं! धडा न वाचतां उत्तर लिहिणाऱ्या मुलांना तीस वर्षें रागें भरलेला मी मास्तर. तोच अपराध माझ्याकडून झाला. त्या निमित्तानें या मतदानाविषयीं जो विचार केला, तो आपणांपुढें मांडतों.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच आहे असें नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्पॅनिश बोलणाऱ्यांची वस्ती मोठी आहे. त्यांच्यासाठीं चालणाऱ्या युनिव्हिजन या दूरचित्रवाहिनीनें २००४ सालीं 'प्रेमिओस हुवेन्तुद', म्हणजे 'तरुणाईचे पुरस्कार', हा सोहळा सुरू केला. तेथें आवडत्या कलावंतांना विजयी करण्याचा अधिकार प्रेक्षकांच्या मतांना दिलेला आहे. आपल्या मराठींतील त्याचें भावंड म्हणजे झी टॉकीज या चित्रपटवाहिनीनें २००९ सालीं सुरू केलेला 'महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?' हा सोहळा. त्याच्या नांवांतील प्रश्न नीट ऐकावा. 'श्रेष्ठ कोण?' असें तेथें विचारलेलें नाहीं, 'आवडता कोण?' एवढेंच विचारलें आहे. हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि सारा घोटाळा ते एक मानल्यानें होतो.

रसिकांचा कौल घेण्याची रीत तशी जुनीच. संगीत नाटकाच्या काळीं प्रेक्षागृहांतून उठणारा 'वन्समोअर' हें एक मतदानच होतें. मात्र त्यांत एक गोष्ट गृहीत होती: ज्यानें गाणें ऐकलें तोच पुन्हा मागणी करी. आमच्या छत्रपती संभाजीनगरांतील संत एकनाथ रंगमंदिरांत आजहि टाळी देणारा माणूस तिकीट काढून समोर बसलेला असतो. टाळी आणि नाटक यांच्यामध्यें अंतर नसतें. मोबाइलवरील मताचें तसें नाहीं. तें न पाहतांहि देतां येतें, आणि मीं तें देऊनहि बसलों!

या बाबतींत १९५४ हें साल मोठें बोधप्रद आहे. त्या वर्षीं २१ मार्च रोजीं मुंबईच्या मेट्रो चित्रगृहांत 'फिल्मफेअर' या नियतकालिकाचे पहिले पुरस्कार दिले गेले. पुरस्कार अवघे ५, आणि निवड वाचकांच्या मतांनीं झालेली. २०,००० हून अधिक वाचकांनीं मतें पाठविलीं होतीं. उत्कृष्ट चित्रपट ठरला बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन'. त्याच वर्षीं भारत सरकारनेंहि चित्रपटांना पुरस्कार देण्यास आरंभ केला. तेथें मतदान नव्हतें, परीक्षकांचा निर्णय होता. त्यांनीं राष्ट्रपतींचें सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला दिलें आणि 'दो बिघा जमीन'ला गुणवत्तेचें प्रशस्तिपत्र दिलें.

यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, लोकमत आणि परीक्षकमत यांचें हाडवैर नाहीं. एकाच चित्रपटाचे गुण दोघांनाहि दिसले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वाचकांचे ते पुरस्कार हिंदी चित्रपटांचे होते. म्हणून 'श्यामची आई' त्या मतदारांपुढें आलाच नाहीं. मतदाराला समोर ठेवलेल्या नांवांतूनच निवड करतां येते. यादी कोणी केली आणि तींत कोण राहून गेलें, हा प्रश्न मतदानाच्या आधींचा आहे. मराठीसारख्या भाषेनें स्वतःचा सोहळा कां मांडावा, याचें उत्तरहि त्यांतच आहे.

आतां मतांच्या गणिताकडे वळूं. समजा, यादींत ५ चित्रपट आहेत आणि १०० माणसांनीं प्रत्येकीं एक मत दिलें. मतें २८, २४, २०, १६ आणि १२ अशीं पडलीं. २८ मतांचा चित्रपट विजयी होतो; परंतु ७२ जणांनीं दुसरेंच कांहीं निवडलेलें असतें. आतां याच खेळांत एका माणसाला कितीहि वेळां मत देण्याची मोकळीक द्या. १२ मतांच्या चित्रपटाचे ते १२ चाहते चिकाटीनें प्रत्येकीं १० मतें देतात. त्यांचीं १२० मतें होतात आणि शेवटचा चित्रपट पहिला येतो! म्हणजे मोजली गेली ती चाहत्यांची संख्या नव्हे, त्यांची ईर्षा होय. म्हणून कोणत्याहि स्पर्धेचा निकाल ऐकतांना 'एका माणसाला मतें किती?' हें आधीं विचारावें.

मतें मागण्यांत आयोजकांचाहि लाभ असतो. ज्यानें मत दिलें तो निकाल पाहावयास बसतो, आणि पाहणारे वाढले कीं जाहिरातींचें उत्पन्न वाढतें. २००५ सालीं आपला अभिजीत सावंत 'इंडियन आयडल'मध्यें प्रेक्षकांच्या मतांवर विजयी झाला. त्या सुमारास अशा स्पर्धांसाठीं एसएमएस पाठविण्याचा दर नेहमीच्या संदेशापेक्षां अधिक असे. यांत लबाडी होती असें मी म्हणत नाहीं. पण आपलें मत हा कोणाचा तरी व्यवहारहि आहे, हें घरच्या मुलांना ठाऊक असावें.

मग असें मतदान टाकाऊ समजावें काय? मुळींच नाहीं. परीक्षक चारदोनच असतात. त्यांचीहि आवडनिवड असते, आणि कधीं कधीं सामान्य माणसाच्या हृदयाला भिडलेली कलाकृति त्यांच्या नजरेंतून सुटते. तालुक्याच्या गांवच्या मुलीला आपल्या आवडीची कोणीतरी दखल घेतो असें वाटणें, हीहि लहान गोष्ट नव्हे. त्या कौलाचा अर्थ तेवढा नेमका घ्यावा: तो आवडीचा दाखला आहे, गुणवत्तेचें प्रमाणपत्र नव्हे.

पुढें तो चित्रपट मीं नातीबरोबर बसून पाहिला. बरा होता. नंतर यादींतला दुसरा एक पाहिला. तो मला कितीतरी सरस वाटला, आणि नवल असें कीं तिलाहि वाटला! पण दिलेलें मत परत घेण्याची सोय नव्हती. तेव्हां आम्हां दोघांचा एक करार झाला आहे: यंदा यादींतले निदान तीन चित्रपट पाहिल्यावांचून कोणीहि बोट टेकवावयाचें नाहीं, आणि एका माणसानें एकच मत द्यावयाचें. नातीला दुसरें कलम फारसें पसंत नाहीं. "बाकीचे सगळे देतात, मग आपणच कां नाहीं?" असें ती विचारते. तिची समजूत घालण्याचें काम अद्याप चालूं आहे. आपल्या घरींहि हा प्रश्न निघाल्यास आपण काय उत्तर द्याल, त्याचा विचार करून ठेवावा, एवढी विनंति करून आपली रजा घेतों.