चक्रीवादळ, महापूर आणि महाविद्यालयीन संगणक सेवा : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात पूर्वतयारी व पुनर्स्थापना

प्रस्तावना :

समुद्रावर निर्माण होणाऱ्या प्रचंड वादळास अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावर हरिकेन, पश्चिम प्रशांत महासागरात टायफून आणि आपल्याकडे चक्रीवादळ असे संबोधले जाते. नावे भिन्न असली तरी घटना एकच आहे. बंगालच्या उपसागराच्या तुलनेत अरबी समुद्रात चक्रीवादळे कमी होतात. त्यामुळे कोकण किनारा सुरक्षित आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ११ नोव्हेंबर २००९ रोजी मुंबई व अलिबाग यांच्या दरम्यान किनारा ओलांडणारे 'फयान', ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ धडकलेले 'निसर्ग' आणि १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गुजरातकडे सरकलेले 'तौक्ते' या वादळांनी ती समजूत मोडीत काढली.

ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरांच्या बाबतीत मात्र वारा हा संकटाचा केवळ एक भाग आहे. या परिसराची खरी परीक्षा पाहिली ती पावसाने. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला गेला आणि उल्हास व वालधुनी या नद्यांच्या काठावरील वस्त्या जलमय झाल्या. त्या काळी महाविद्यालयांचे दप्तर प्रामुख्याने कागदावर होते. आज प्रवेश, गुणनोंद, शुल्क, वेतन व ग्रंथालय हे सर्व व्यवहार संगणकावर होतात. कागदी दप्तर भिजले तरी बहुधा वाळविता येते. नष्ट झालेली संगणकीय नोंद, तिची दुसरी प्रत नसल्यास, सहसा परत मिळत नाही. म्हणून प्रस्तुत विषयाचा विचार केवळ संगणक विभागाने नव्हे, तर सर्व प्राध्यापक वर्गाने करणे आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे :

१) ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील नैसर्गिक आपत्तींचे स्वरूप महाविद्यालयीन संगणक सेवांच्या दृष्टीने समजून घेणे.
२) या सेवांतील कच्चे दुवे स्पष्ट करणे.
३) पूर्वतयारी व पुनर्स्थापना यांचा व्यवहार्य क्रम सुचविणे.

भौगोलिक परिस्थिती :

उल्हास नदी सह्याद्रीत उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत वसईच्या खाडीस मिळते. बारवी धरणाचे पाणी बदलापूरच्या बाजूने, तर काळू नदीचे पाणी कल्याणच्या बाजूने तिला येऊन मिळते. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहत येणारी वालधुनी कल्याणला खाडीत विलीन होते. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या या खाडीत भरती-ओहोटीचा प्रभाव जाणवतो. ठाणे शहराच्या एका बाजूस येऊरचे डोंगर व दुसऱ्या बाजूस खाडी आहे. डोंगरावरून उतरणारे पाणी आणि खाडीची भरती यांची वेळ जुळली की सखल भागातील पाण्याचा निचरा थांबतो. म्हणजेच येथे किती पाऊस पडला याइतकेच तो कोणत्या वेळी पडला यालाही महत्त्व आहे.

पावसाचे प्रमाण थोड्या अंतरावरही कमालीचे बदलते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच कालावधीत कुलाबा येथे अवघ्या ७३ मिलिमीटरची नोंद झाली. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे १०५० प्रवाशांची सुटका करावी लागली. चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागते, परंतु अशा पुरासाठी काही तासांचाच अवधी मिळू शकतो. सबब, या परिसरातील योजना दोन्ही प्रकारच्या आपत्तींसाठी असावी लागते.

शैक्षणिक वेळापत्रक आणि हवामान :

अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत : मोसमी पावसापूर्वी मे-जून आणि पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. या दोहोंच्या मध्ये जुलै-ऑगस्टमधील अतिवृष्टी येते. आता हे महिने महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहिल्यास एक चिंताजनक बाब लक्षात येते. मे-जून हा निकाल व प्रवेशाचा, जुलै-ऑगस्ट नोंदणी, शुल्क व शिष्यवृत्तीच्या अर्जांचा, तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सत्र परीक्षांचा काळ आहे. ज्या आठवड्यांत संगणक सेवा बंद पडणे सर्वांत महाग पडते, नेमक्या त्याच आठवड्यांत निसर्गाचा धोका सर्वाधिक असतो.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या प्रारंभीच्या सत्रांच्या परीक्षांचे तसेच अंतर्गत मूल्यमापनाचे काम महाविद्यालय स्तरावर चालते. विद्यापीठाकडे वा अन्यत्र प्रत पोहोचेपर्यंत विद्यार्थ्याचे गुण अनेकदा परीक्षा विभागातील एखाद्याच संगणकात असतात. तो संगणक तळमजल्यावर असेल, तर विद्यार्थ्याच्या एका वर्षाचे भवितव्य जमिनीपासून दोन फूट उंचीवर ठेवलेले असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

सेवांतील चार कच्चे दुवे :

१) जागा : सर्व्हर, यूपीएसच्या बॅटऱ्या व वातानुकूलन यंत्रे जड असल्याने त्यांस तळमजला सोयीचा वाटतो. पुराच्या दृष्टीने हीच जागा सर्वांत धोक्याची आहे. सर्वांत वरचा मजलाही गळक्या छतामुळे व वाऱ्यामुळे निर्धोक नसतो. मधला मजला, खिडकीपासून दूर असलेली भिंत आणि वरून पाण्याचा नळ न जाणारी खोली ही योग्य निवड होय.

२) वीज : १२ ऑक्टोबर २०२० रोजी महापारेषणच्या कळवा-पडघा वीजवाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसर काही तास अंधारात गेला. उपनगरी रेल्वे थांबली आणि अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षांत व्यत्यय आला. त्या दिवशी वादळ नव्हते, पूरही नव्हता. यूपीएस हे साधन काही मिनिटांसाठी, फार तर एखाद्या तासासाठी असते. यंत्रे सुरक्षितपणे बंद करण्यास अवधी मिळावा, एवढाच त्याचा मुख्य हेतू आहे. दीर्घ काळासाठी जनरेटर लागतो आणि त्याचे डिझेल कोठे ठेवले आहे हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो. २०१२ मध्ये 'सँडी' वादळात न्यूयॉर्कमधील एका इमारतीतील जनरेटर उंचावर सुरक्षित होता, मात्र इंधन वर चढविणारी यंत्रणा तळघरात बुडाली. परिणामी कर्मचाऱ्यांना सुमारे सतरा मजले जिन्याने डिझेल वाहून न्यावे लागले.

३) जोडणी : दोन कंपन्यांकडून इंटरनेट घेतले म्हणजे पर्याय निर्माण झाला, असे मानले जाते. दोन्ही केबल एकाच गटाराच्या कडेने किंवा एकाच खांबावरून येत असतील, तर एक झाड पडताच दोन्ही तुटतात. दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत की नाहीत, हे प्रत्यक्ष पाहून खात्री करावी लागते.

४) मनुष्यबळ : हा दुवा सर्वाधिक दुर्लक्षित आहे. संगणक साहाय्यक बदलापूर, टिटवाळा वा आसनगावहून येत असेल, तर लोकल थांबताच सेवा थांबते. प्रशासकीय पासवर्ड केवळ त्यालाच ठाऊक असतील, तर यंत्रे शाबूत असूनही निरुपयोगी ठरतात. यास्तव महाविद्यालयापासून पायी येण्याच्या अंतरावर राहणाऱ्या किमान दोन कर्मचाऱ्यांना मूलभूत कामे शिकवावीत व पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात प्राचार्यांकडे ठेवावेत.

बॅकअप : प्रत आणि अंतर

माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक प्रत अन्य ठिकाणी, हा संगणक क्षेत्रातील सर्वमान्य संकेत आहे. यातील 'अन्य ठिकाण' या शब्दांचा अर्थ स्थानिक परिस्थितीनुसार लावावा लागतो. सर्व्हरशेजारच्या कपाटातील हार्ड डिस्क हे अन्य ठिकाण नव्हे. त्याचप्रमाणे, ठाण्यातील महाविद्यालयाने कल्याणच्या भगिनी संस्थेत प्रत ठेवल्यास तीही पुरेशी दूर नाही, कारण दोन्ही शहरे एकाच पावसाच्या व एकाच खाडीच्या छायेत आहेत. सह्याद्रीपलीकडील पुणे वा नाशिक येथील एखाद्या संस्थेशी परस्पर करार करणे, अथवा दूरस्थ केंद्र असलेली क्लाउड सेवा घेणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय. विद्यार्थ्यांची माहिती संवेदनशील असल्याने ती कूटबद्ध करूनच बाहेर पाठवावी.

या संदर्भात अमेरिकेतील ट्युलेन विद्यापीठाचा अनुभव बोधप्रद आहे. ठाणे-कल्याणच्या महापुरानंतर सुमारे एका महिन्याने, २९ ऑगस्ट २००५ रोजी, 'कतरिना' वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडविले. विद्यापीठ संपूर्ण सत्र बंद राहिले व जानेवारी २००६ मध्ये पुन्हा सुरू झाले. दरम्यान विद्यार्थी देशभरातील इतर संस्थांत विखुरले. बॅकअपच्या फिती अस्तित्वात होत्या, पण त्या त्याच शहरातील एका इमारतीत होत्या. पूरग्रस्त शहरात पुन्हा शिरून त्या बाहेर काढाव्या लागल्या. प्रत असणे आणि प्रत हाताशी असणे यांतील अंतर यावरून स्पष्ट होते.

प्रत घेतली, एवढ्यावर समाधान मानणेही योग्य नाही. सत्रातून किमान एकदा तीवरून माहिती परत उतरवून पाहावी. जी प्रत कधीही उघडून पाहिली नाही, ती आहे असे गृहीत धरता येत नाही.

इशाऱ्याच्या टप्प्यांनुसार पूर्वतयारी :

भारतीय हवामानशास्त्र विभाग चक्रीवादळाची सूचना टप्प्याटप्प्याने देतो. महाविद्यालयाची कृती या टप्प्यांशी जोडल्यास गोंधळ टळतो.

• सुमारे ७२ तास आधी : जबाबदार व्यक्तींची यादी व दूरध्वनी क्रमांक कागदावर छापून वाटावेत. जनरेटरचे इंधन तपासावे.
• ४८ तास आधी : परीक्षा, प्रवेश व लेखा विभागांचा पूर्ण बॅकअप घेऊन बाहेरगावी पाठवावा. चालू परीक्षेच्या गुणपत्रकांची छापील प्रत काढावी.
• २४ तास आधी : तळमजल्यावरील संगणक, बॅटऱ्या व तारा वर हलवाव्यात. ज्या यंत्रांची गरज नाही ती बंद करून त्यांची वीजजोडणी काढावी. विद्यार्थ्यांना सेवा बंद राहण्याची पूर्वसूचना द्यावी.
• १२ तास आधी : सर्व्हर विधिवत बंद करावेत आणि कर्मचाऱ्यांना घरी पाठवावे. या टप्प्यावर यंत्रापेक्षा माणूस मोलाचा, याचे विस्मरण होऊ नये.

'निसर्ग' वादळाच्या वेळी १ जूनला अवदाब निर्माण झाला आणि ३ जूनला वादळ किनाऱ्यावर आले. प्रत्यक्षात हाती दोनच दिवस होते. अतिवृष्टीत तर इतकाही अवधी मिळत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात दुसऱ्या टप्प्यातील बॅकअपचे काम रोजचा परिपाठ म्हणून करणे इष्ट ठरते. लाल वा नारिंगी इशारा आणि मोठी भरती एकाच दिवशी असल्यास तिसऱ्या टप्प्यातील कामे आदल्या सायंकाळीच उरकावीत.

पुनर्स्थापना :

पाणी ओसरल्यानंतर घाईने यंत्र सुरू करण्याने होणारे नुकसान पुराहून अधिक असू शकते. प्रथम इमारतीची वीज मुख्य कळीपासून बंद आहे, याची विद्युत तंत्रज्ञाकडून खात्री करून घ्यावी. २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या प्रमाणात आढळले होते. म्हणून गमबूट व हातमोज्यांशिवाय कोणासही पाण्यात वा चिखलात उतरू देऊ नये. खाडीचे पाणी खारट असल्याने सुकल्यानंतरही क्षार मागे राहतात व सर्किट गंजते. भिजलेली हार्ड डिस्क सुरू करू नये, उघडू नये, उन्हात वाळवू नये. ती तशीच तज्ज्ञाकडे सोपवावी. काहीही हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत व पंचनामा करून घ्यावा, कारण विम्याचा दावा त्यावर अवलंबून असतो. विमापत्रात वादळ व पूर या जोखमींचा समावेश आहे किंवा नाही, हे मे महिन्यापूर्वीच पाहिलेले असावे.

सर्व सेवा एकाच वेळी सुरू करता येत नाहीत. म्हणून प्रत्येक सेवेबाबत दोन प्रश्नांची उत्तरे आधीच ठरवावीत : ती किती काळ बंद राहिली तर चालेल, आणि तिच्यातील किती काळाची माहिती गमावणे परवडेल? परीक्षा विभागास एका दिवसाचेही गुण गमावणे परवडत नाही. संकेतस्थळ आठवडाभर बंद राहिले तरी निभावते, पण विद्यार्थ्यांपर्यंत सूचना पोहोचविण्याचा दुसरा मार्ग हवा. सर्वसाधारणपणे सूचना व संपर्क, परीक्षा, प्रवेश व शुल्क, वेतन, ग्रंथालय आणि शेवटी प्रयोगशाळा असा क्रम योग्य ठरेल. मात्र तो महिन्यागणिक बदलतो. जूनमध्ये प्रवेश आधी, नोव्हेंबरमध्ये परीक्षा आधी.

एक आक्षेप :

आता सर्व काही क्लाउडवर आहे, पदव्या डिजिलॉकरवर आहेत, मग या खटाटोपाची गरज काय, असा प्रश्न उपस्थित केला जातो. तो अंशतः रास्त आहे. क्लाउडमुळे माहिती सुरक्षित राहण्याची शक्यता निश्चितच वाढते. तथापि तेथे पोहोचण्यास वीज, जोडणी व पासवर्ड लागतातच. शिवाय डिजिलॉकरवर अंतिम निकाल जातो. त्यापूर्वीचे अंतर्गत गुण, हजेरी व अर्ज यांची जबाबदारी महाविद्यालयाचीच राहते.

निष्कर्ष :

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हा स्तरावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते. तथापि महाविद्यालयाच्या गुणपत्रकांची काळजी त्या प्राधिकरणाने घ्यावी, ही अपेक्षा अवास्तव होय. वर सुचविलेल्या उपायांपैकी बहुतेकांस मोठा खर्च येत नाही. यंत्र वरच्या मजल्यावर नेणे, प्रत दूर पाठविणे, पासवर्ड लिफाफ्यात ठेवणे आणि जबाबदाऱ्यांची यादी छापणे ही कामे निधीपेक्षा शिस्तीची आहेत. जेथे निधी लागतो, तेथे महाविद्यालय विकास समितीपुढे मे महिन्यापूर्वी प्रस्ताव ठेवता येतो. प्राध्यापकांनीही आपापल्या वर्गाचे गुण व हजेरी यांची प्रत्येक आठवड्यास एक प्रत परीक्षा विभागाच्या दूरस्थ संग्रहात जमा करावी. पाऊस व वारा यांवर कोणाचे नियंत्रण नाही. परंतु विद्यार्थ्याने वर्षभर केलेल्या श्रमाची नोंद पाण्याच्या पातळीवर अवलंबून ठेवावी की नाही, हा निर्णय पूर्णतः महाविद्यालयाच्या हाती आहे.