उत्तर बरोबर, गृहपाठ अपुरा

भौतिकशास्त्राचा गृहपाठ वहीतून पडद्यावर गेला, यात आता नवल राहिलेले नाही. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा आपद्धर्म म्हणून जो उपाय स्वीकारला गेला, तो ती उघडल्यावरही टिकून राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘स्वयम’वरील अभ्यासक्रमांना एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत वाव दिला. जालन्यासारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या पदरात यामुळे काय पडले आणि हातून काय निसटते आहे, याचा हिशेब मांडणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जमेची बाजू लहान नाही. वर्गातील साऱ्या वह्या दर आठवड्याला तपासणे कोणाही प्राध्यापकाला अवघड. त्यातून तो तासिका तत्त्वावर नेमलेला असेल तर त्याच्याकडून ती अपेक्षा करणेही अन्यायाचे. यंत्र मात्र क्षणात निकाल देते. चूक ताजी असताना कळली तर ती सुधारते, हे कोणताही शिक्षक मान्य करील.

परंतु यंत्र निकाल देते, कारण देत नाही. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या एसटी बसला ब्रेक लागला व तिचा वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होऊ लागला, तर ती किती अंतरावर थांबेल? वेग आधी सेकंदाला २० मीटर असा मांडला, तर उत्तर ५० मीटर येते. तो न बदलता ७२ हाच आकडा सूत्रात घातला, तर ६४८ मीटर येते. पडदा तेथे लाल फुली दाखवतो. तीच फुली गुणाकारात चुकणाऱ्यालाही मिळते आणि सूत्रच न कळलेल्यालाही. शिक्षक मात्र विचारील, “अरे, बस थांबायला अर्धा किलोमीटरहून जास्त रस्ता लागेल का?” या एका प्रश्नात भौतिकशास्त्र आहे.

दुसरा धोका नकलेचा. बाजारात आज उत्तराची किंमत शून्यावर आली आहे. २०२२ नंतर तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने रीतीसकट उत्तर लिहून देतात. अमेरिकेतील एमआयटीमध्ये भौतिकशास्त्राच्या ऑनलाइन गृहपाठांचा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. मुदत जवळ येईल तसतशी नक्कल वाढते, असे त्यात दिसले. ३० टक्क्यांहून अधिक प्रश्न नकलून देणाऱ्यांचे नापास होण्याचे प्रमाण, १० टक्क्यांहून कमी नक्कल करणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. मात्र अध्यापनाची मांडणी बदलल्यावर नक्कल चौपटीहून अधिक घटली. दोष केवळ विद्यार्थ्याच्या नीतीचा नव्हे, व्यवस्थेचाही आहे, हा त्याचा अर्थ.

आपल्याकडील व्यवस्थेला आणखी एक उणीव आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतातील जेमतेम ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. मोबाइल फोन त्यानंतर दूरवर पोचले, हे खरे. परंतु मंठा, जाफराबाद किंवा घनसावंगी तालुक्यातील घरात एकच फोन भावंडांत वाटून घ्यावा लागत असेल, तर रात्री बाराची मुदत सर्वांना सारखी नसते. वरवर समान दिसणारा नियम तेथे विषम ठरतो.

उपाय खर्चिक नाहीत. ‘एनपीटीईएल’च्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ गृहपाठांचेच गुण धरले जातात, एखाद्या आठवड्यात वीज वा नेटवर्क गेले म्हणून विद्यार्थी बुडत नाही. हीच उदारता महाविद्यालयाच्या अंतर्गत मूल्यमापनातही हवी. पहिल्या चुकीनंतर पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा असावी. गृहपाठाला गुण थोडे असावेत आणि प्रत्येक उत्तरामागील रीत वहीत लिहिलेली असावी. त्यांपैकी मोजक्या वह्या प्राध्यापकाने आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यासमोर बसून पाहाव्यात. महाविद्यालयाची संगणकशाळा शेवटच्या एसटीच्या वेळेपर्यंत उघडी राहिली, तर घरी साधन नसलेल्यालाही आपले काम आपल्या हाताने करता येईल.

जालना जिल्हा १९८१ साली स्वतंत्र झाला, तेव्हा येथील मुलांना शिक्षण जवळ यावे ही अपेक्षा होती. पडद्याने ते अंतर आणखी कमी केले आहे. मात्र ज्या पिढीला पुढे पोलादाच्या कारखान्यात, बियाण्यांच्या प्रयोगशाळेत किंवा शाळेच्या वर्गात उभे राहायचे आहे, तिला उत्तरापर्यंत स्वतः पोचण्याची सवय लावण्याचे काम अजूनही शिक्षकाचेच आहे, आणि त्यासाठी लागणारा वेळ व पगार त्याला देणे हे शासनाचे.