छोट्या रथाचा मोठा हिशेब

म्हसवडला मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो. विकतचे सुटे भाग न घेता, पुठ्ठा आणि लाकडी पट्ट्यांतून तो १:२० प्रमाणात करून पाहा. ५ सेंमी जाडीच्या दोरासाठी अडीच मिलिमीटरची सुतळी लागेल. इथवर साधा भागाकार.

खरी गंमत वजनात आहे. लांबी २० पट घटली की छेदाचं क्षेत्रफळ ४०० पट घटतं, वजन मात्र ८,००० पट! आस आणि आरे यांची ताकद छेदावर ठरते. म्हणून त्याच लाकडाची प्रतिकृती स्वतःच्या वजनाच्या मानाने २० पट दणकट असते. हे गणित गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मांडलं; आपली पोरं ते दर दिवाळीला किल्ला करताना हातांनी शिकतात. वीतभर मातीचा उभा कडा टिकतो, पुरुषभर केला तर ढासळतो. मला तर ही महाराष्ट्रातली सर्वांत जुनी प्रयोगशाळा वाटते.

याहूनही लहान, १:८७ चं प्रमाण पुण्याच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात दिसतं. त्या प्रमाणातल्या फलाटावर साडेपाच फुटी माणूस जेमतेम १.९ सेंमीचा!

आपल्या रथाचा रंग मात्र मूळ छटेपेक्षा किंचित फिका घ्या. हुबेहूब तोच रंग छोट्या वस्तूवर गडद भासतो.