उंदराचा डिजिटल जुळा

उंदराला ‘मॅट्रिक्स’ चित्रपट दाखवल्याची बातमी एप्रिल २०२५ मध्ये सगळ्यांनी चवीने छापली. त्याच्या मेंदूतल्या दृष्टिक्षेत्राचा एक घन मिलिमीटर तुकडा, दोन लाखांवर पेशी, ५२ कोटींहून जास्त जोडण्या, हे आकडे एव्हाना पाठ झाले असतील. एवढ्या तुकड्यातल्या सगळ्या जोडण्यांचा नकाशा मागणं म्हणजे अशक्याचा हट्ट, असं शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक १९७९ साली म्हणाले होते. ‘मायक्रॉन्स’ या संशोधन प्रकल्पाने तो काढून दाखवला. मात्र नकाशाच्या कौतुकात त्याच दिवशी ‘नेचर’मध्ये आलेला दुसरा शोधनिबंध झाकोळला गेला, आणि मला तोच जास्त छळतो.

तो निबंध अँड्रियास टोलियास यांच्या गटाचा. त्यांनी आठ उंदरांना मारधाडीचे चित्रपट दाखवत मेंदूतल्या हालचालींची ९०० मिनिटांवर नोंद केली. चित्रपट मारधाडीचेच का, तर उंदराची नजर अधू. त्याला बारकावे दिसत नाहीत, हालचाल तेवढी कळते. या नोंदींवर तयार झालेलं संगणकी प्रारूप म्हणजे दृष्टिक्षेत्राचा ‘डिजिटल जुळा’. नव्या उंदराची थोडीशी नोंद दिली, की कोणतं दृश्य पाहून त्याची कोणती चेतापेशी किती चेतेल, याचा तो अंदाज बांधतो. शिकताना कधीच न पाहिलेल्या, निव्वळ ठिपक्यांच्या चित्रांवरही तो बऱ्यापैकी टिकला.

अंदाज बरोबर आला म्हणून पाहणं उलगडलं का? एक न कळणारी पेटी उघडायला दुसरी तशीच पेटी बांधली, अशी माझी शंका. ती निदान एका ठिकाणी डळमळते. जुळ्याचे अंदाज आणि नकाशा एकत्र ठेवल्यावर दिसलं, की पेशी आपल्यासारखीच आवड असणाऱ्या पेशींशी जास्त जोडल्या जातात; आणि या सोयरिकीत दोघी दृश्याचा कोणता भाग पाहतात यापेक्षा काय पाहतात याला वजन जास्त. हे नुसत्या नकाशातून हाती लागलं नसतं.

हे झालं उंदराचं; माणसाच्या नजरेचं काय? छोटे-छोटे ‘क’ मांडून एक मोठा ‘ग’ काढा. आपल्याला आधी ‘ग’ दिसतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण यांच्या गटाने चित्रं ओळखण्यात तरबेज असलेली संगणकातली कृत्रिम चेताजाळी अशाच प्रकारच्या आकृत्यांवर तपासली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात जाळ्यांकडे मोठ्या आकाराला पहिला मान देण्याची ही सवय आढळली नाही. एखाद्या वस्तूमागे झाकलेला भाग मनाने पुरा करण्याचीही नाही. मेंदूच्या प्रारूपांना गुण देताना बहुधा पेशींचे प्रतिसाद किती जुळले हे पाहतात. त्या प्रश्नपत्रिकेत हा ‘ग’ सक्तीचा करायला हवा.