गिऱ्हाईक पैसे भरायच्या पानावरून का परततं?

मागच्या भागात ऑनलाइन दुकान कसं मांडायचं ते बोललो. आज शेवटचा टप्पा, माल टोपलीत टाकल्यापासून पैसे भरेपर्यंतचा. बेमार्ड ही संस्था वेगवेगळ्या पाहण्यांची सरासरी काढते. तिच्या हिशेबाने १०० पैकी सुमारे ७० टोपल्या तशाच सोडल्या जातात. त्यातले नुसते बघे सोडा. पण ज्याला खरंच घ्यायचंय, तो का परततो?

माझ्या मते पहिला गुन्हेगार पत्त्याचा फॉर्म. मी जयपूरजवळच्या बस्सीत राहतो. दुसरी बस्सी याच राजस्थानात, चित्तोडगड जिल्ह्यात आहे, लाकडी कावडींसाठी नावाजलेली. नुसतं गावाचं नाव लिहायला लावलंत, की पार्सल भलतीकडे जायची सोय झालीच. त्यापेक्षा आधी पिनकोड विचारा. जिल्हा आणि राज्य आपोआप भरू द्या. पिनकोड ही आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची देणगी, १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू. एकाच नावाच्या गावांचा घोळ मिटावा, म्हणून तर तो आला!

पिनचा पहिला आकडा ९ असेल तर पत्ता सैन्याचा. जवानाच्या पत्त्यात गल्ली नसते, शहर नसतं. नाव, युनिट, ‘५६ एपीओ’ आणि पिन, बस्स. शहराचा रकाना सक्तीचा ठेवलात, तर सीमेवरचा पोरगा तिथेच अडकतो. अशा पत्त्यावर टपालानेच पाठवावं लागतं. तुम्ही पाठवत नसाल तर वस्तूच्या पानावरच तसं सांगा, पैसे घेतल्यावर नव्हे. नोकरीतली बरीच वर्षं माझा पत्ता असाच होता, म्हणून हे जरा पोटतिडकीने सांगतोय.

दुसरं, किंमत. ४९९ दाखवायचे आणि शेवटच्या पानावर पॅकिंग, हाताळणी जोडून ५८० करायचे, ही लबाडी आहे. न विचारता विमा किंवा देणगी टोपलीत टाकणं हीसुद्धा. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत असे १३ फसवे प्रकार नोंदवलेत. खातं उघडायची सक्तीही नको. मोबाइल नंबर पुरे.

तिसरं, पैसे. यूपीआयचं बटण दाबताच रक्कम भरलेलं अ‍ॅप उघडलं पाहिजे. आयडी टाइप करायला लावू नका. खरी कसोटी मात्र पैसे कापले गेले आणि ऑर्डर झाली नाही तेव्हा. माणूस घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरतो, किंवा तुमचं नावच टाकतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार, दुकानाला पैसे मिळाल्याची खात्री झाली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई. हे त्याच पानावर साध्या मराठीत, हिंदीत लिहा, सोबत व्यवहार क्रमांक द्या.

आणि फॉर्म तपासायचा तो ऑफिसच्या वायफायवर नको. रेंजची एकच रेघ असलेल्या स्वस्त फोनवर, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातून तपासा. मधे बोलू नका, फक्त बोट कुठे थांबतं ते बघा.

पुढच्या भागात परत आलेल्या मालाचं बोलू.