तपासलेलं रक्त आणि उरलेले जिवाणू

दूषित रक्त म्हटलं की ब्रिटनमध्ये आधी आठवतात एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी. लंडनच्या कॅमडेनमधल्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या हिमोफिलिया केंद्रासह देशभरातल्या रुग्णांना १९७०-८०च्या दशकांत बाधित रक्तघटक दिले गेले. सर ब्रायन लँगस्टाफ यांचा चौकशी अहवाल आला तो थेट मे २०२४मध्ये. पण ते सगळे विषाणू. जिवाणूंची गोष्ट निराळी.

‘सगळ्या चाचण्या झाल्यात,’ असं आपल्याकडे नातेवाईक निर्धास्तपणे सांगतात. भारतात सक्तीच्या चाचण्या एचआयव्ही, हेपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरियाच्या. सिफिलिस सोडला तर त्यात एकही जिवाणू नाही.

फ्रिजमध्ये जंतू वाढत नाहीत, हेही अर्धंच खरं. यर्सिनिया एंटरोकोलिटिका ४ अंशांवरही खुशाल वाढतो आणि त्याला हवं असलेलं लोह लाल पेशींत मुबलक. तरी मोठा धोका फ्रिजबाहेर आहे. प्लेटलेट्स २० ते २४ अंशांवर, सतत हलवत ठेवाव्या लागतात. जिवाणूंना तेच मानवतं. म्हणून इंग्लंडमध्ये २०११पासून प्लेटलेट्सची जिवाणू-तपासणी होते. रक्तदानानंतर किमान ३६ तास थांबून नमुना घेतात, कारण सुरुवातीला मूठभर असलेले जिवाणू नमुन्यात सापडतीलच असं नाही. ही तपासणी पार केलेल्या प्लेटलेट्स पाचाऐवजी सात दिवस वापरता येतात. मात्र पिशवी रुग्णालयात पोचल्यावरही नमुन्यावर लक्ष ठेवतात. उशिरा काही उगवलं तर ती परत मागवतात. लाल पेशींची अशी सरसकट तपासणी तिथेही नाही.

रुग्णालयाला दोष देणं सोपं, पण जिवाणू बहुधा दात्याच्याच त्वचेवरचे. सुईबरोबर त्वचेचा कण आत जाऊ शकतो. म्हणून पहिलं २०-३० मिलिलिटर रक्त वेगळ्या छोट्या पिशवीत वळवतात. पहिल्या पावसाचं पन्हळीचं पाणी आपण सोडून देतो, तसंच. ते वायाही जात नाही, चाचण्यांचे नमुने त्यातूनच घेतात.

‘थंड रक्त बाधेल’ म्हणून पिशवी गरम पाण्यात धरणं मात्र घातक. उबेत जिवाणू वाढतात, म्हणूनच पिशवी फ्रिजमधून बाहेर काढल्यापासून चार तासांत रक्त चढवून संपवायचं असतं.

आणि रक्त चढताना हुडहुडी भरून ताप आला, तर ‘होतं असं’ म्हणून सोडू नये. लगेच नर्सला बोलवावं. रक्त थांबवतात आणि पिशवी रक्तपेढीकडे पाठवतात. कारण त्याच दात्याच्या रक्ताचा दुसरा घटक तोवर दुसऱ्या वॉर्डात पोचलेला असू शकतो.